उजेड बदलला तरी अंतर तेच: फोटोतून तिसरी मिती कशी परत मिळते

फोटोतला एक पिक्सेल घ्या. त्यात ११८ हा आकडा आहे. शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र, म्हणजे हा ठिपका मधल्या करड्या छटेचा. आता प्रश्न असा की तो करडा का आहे? वस्तूच करड्या रंगाची असेल. किंवा वस्तू पांढरी असेल, पण तिचा हा भाग उजेडापासून तोंड फिरवून असेल. किंवा वस्तू पांढरी आहे, उजेडाच्या समोरही आहे, पण उजेडच मंद आहे. किंवा कशाची तरी सावली तिच्यावर पडली आहे. ११८ मध्ये या साऱ्या शक्यता मिसळलेल्या आहेत आणि एकट्या त्या आकड्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी त्या सुट्या होत नाहीत.

आणि आपल्याला जे हवं आहे, म्हणजे तो ठिपका कॅमेऱ्यापासून किती लांब आहे, ते तर त्या आकड्यात कुठेच नाही. लेन्समधून आलेला किरण सेन्सरवर एका जागी पडतो. तो हातभर अंतरावरून निघाला की शंभर मीटरवरून, याची नोंद होत नाही. जग सपाट होताना एक मिती गळून पडते. ती परत मिळवण्याच्या बऱ्याच रीती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीला कधी ना कधी बदलत्या उजेडाशी झुंजावं लागतं. गंमत अशी की एका रीतीला जो बदल नडतो, त्याच बदलावर दुसरी रीत उभी असते. मला हा विषय आवडतो तो यासाठीच.

दोन कॅमेरे, एक त्रिकोण

आधी नेहमीची रीत पाहू. दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवायचे आणि एकाच क्षणी दोन फोटो घ्यायचे. जवळची वस्तू दोन फोटोंत बरीच सरकलेली दिसते, लांबची अगदी थोडी. आपले दोन डोळे हेच करतात. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोप नावाचं उपकरण मांडलं. प्रत्येक डोळ्यापुढे एकेक सपाट चित्र ठेवलं की मेंदूला त्यांतून उठाव दिसतो, हे त्यांनी त्यातून दाखवून दिलं.

यातलं गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांच्या पलीकडे जात नाही. लेन्सचं नाभीय अंतर गुणिले दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर, भागिले ठिपका किती सरकला तो आकडा: उत्तर म्हणजे वस्तू किती लांब आहे ते. समजा, नाभीय अंतर पिक्सेलच्या मापात १००० आहे आणि कॅमेरे एकमेकांपासून १० सेंटीमीटरवर आहेत. ठिपका ५० पिक्सेल सरकला असेल तर तो २ मीटरवर आहे. ५ पिक्सेल सरकला असेल तर २० मीटरवर. आता मोजण्यात एका पिक्सेलची चूक करून पाहा. ५० च्या जागी ४९ आले तर उत्तर चारेक सेंटीमीटरने चुकतं. ५ च्या जागी ४ आले तर २० मीटरचे थेट २५ मीटर होतात. अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच चुकीची किंमत चौपट होते. म्हणून ठिपका नेमका किती सरकला हे बिनचूक मोजणं हाच या रीतीचा प्राण आहे.

अडचण इथेच आहे. सरकणं मोजायचं तर डाव्या फोटोतला हा ठिपका उजव्या फोटोत नेमका कोणता, हे आधी ओळखावं लागतं. फोटोत लाखो ठिपके असतात. साधा उपाय असा की डावीकडच्या ठिपक्याभोवतीचा छोटा चौकोन घ्यायचा, उजव्या फोटोत त्याच आडव्या रेषेवर तो सरकवत न्यायचा आणि आकडे जिथे सर्वांत जास्त जुळतील ती जागा धरायची. यामागे एक गृहीत दडलेलं आहे: एकच जागा दोन्ही फोटोंत सारखीच उजळ दिसते.

उजेड बदलला की हे गृहीत कोसळतं. एका कॅमेऱ्याचं एक्स्पोजर जरा वेगळं असलं तरी पुरेसं आहे. एकच कॅमेरा फिरवून दोन फोटो घेतले आणि मध्येच ढग आला, तर सगळेच आकडे खाली येतात. लेन्सच्या कडेला चित्र थोडं अंधारतं, त्यामुळे एका फोटोत मधोमध असलेला ठिपका दुसऱ्या फोटोत कडेला गेला की मंद होतो. सर्वांत फसवी असते ती चकाकी. गुळगुळीत पृष्ठभागावरचा चमकता ठिपका पृष्ठभागाला चिकटलेला नसतो. पाहणारा हलला की तोही हलतो. दोन कॅमेऱ्यांना तो दोन वेगळ्या जागी दिसतो आणि आपलं त्रिकोणाचं गणित इमानेइतबारे त्याचंही अंतर काढून देतं. फुगीर चकचकीत वस्तूवर ही चकाकी पृष्ठभागाच्या मागे असल्याचं उत्तर येतं, जिथे प्रत्यक्षात काहीच नसतं. गणित चुकलेलं नसतं. ज्या प्रतिबिंबाची ती जागा आहे, ते पृष्ठभागाच्या मागेच तयार होतं.

आकडे सोडा, क्रम धरा

यावर पहिला तोडगा असा की चौकोनातल्या आकड्यांची सरासरी वजा करायची आणि ते किती पसरलेले आहेत त्याने भागायचं. मग सगळा चौकोन एकसारखा उजळला किंवा मंदावला तरी फरक पडत नाही. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या सिफ्ट या पद्धतीत प्रत्यक्ष उजळपणाऐवजी तो कोणत्या दिशेने वाढतो याची नोंद ठेवली जाते. तीही त्याच जातीची कल्पना.

पण माझ्या मते यातली सर्वांत देखणी कल्पना रामिन झाबिह आणि जॉन वुडफिल यांनी १९९४ मध्ये मांडली. तिचं नाव सेन्सस ट्रान्सफॉर्म. कल्पना इतकी साधी आहे की ती कागदावर करून पाहता येते. मधल्या ठिपक्याचा आकडा ९० आहे असं धरा. त्याच्या आठ शेजाऱ्यांचे आकडे आहेत १२०, ८४, ७७, १०१, ६०, ९५, १३०, ४०. प्रत्येक शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: तू मधल्यापेक्षा उजळ आहेस का? उत्तरं येतात हो, नाही, नाही, हो, नाही, हो, हो, नाही. आकडे फेकून द्यायचे, ही आठ उत्तरं तेवढी ठेवायची.

आता ढग आला आणि उजेड निम्मा झाला. मधला ४५ वर आला आणि शेजारी ६०, ४२, ३८, ५०, ३०, ४७, ६५, २० झाले. प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरं तीच आहेत. उजेड निम्मा होवो, दुप्पट होवो, कॅमेरा आतल्या आत आकड्यांना कसाही ताण देवो, जोवर क्रम बदलत नाही तोवर ही खूण बदलत नाही. दोन खुणा जुळतात का हे पाहायला तर फक्त किती उत्तरं वेगळी आली तेवढं मोजायचं. संगणकाला हे काम इतकं स्वस्त पडतं की ते छोट्याशा चिपवर बसवता येतं. प्रत्यक्षात आठपेक्षा जास्त शेजारी घेतात, पण तत्त्व हेच. हाइको हिर्शम्युलर आणि डॅनियल शारस्टाइन यांनी पुढे उजेडाचे आणि एक्स्पोजरचे फरक मुद्दाम राखून घेतलेल्या फोटोंवर अशा अनेक मापांची कसून तुलना केली. २००९ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात एकंदरीत सर्वांत भरवशाचं ठरलं ते सेन्ससच.

इथे आपल्या डोळ्यांविषयीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेला युलेस यांनी १९६० मध्ये बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून निव्वळ काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची दोन चित्रं करवून घेतली. एका चित्रातला मधला चौकोन दुसऱ्यात किंचित सरकवलेला होता. एका डोळ्याने पाहिलं तर काहीच दिसत नाही, नुसता ठिपक्यांचा पसारा. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की चौकोन हवेत तरंगू लागतो. म्हणजे वस्तू ओळखण्याच्या आधीच मेंदू ठिपके जुळवू शकतो. दोन चित्रांपैकी एक थोडं फिकट केलं तरी हे चालतं. पण एका चित्रातले काळे ठिपके पांढरे आणि पांढरे काळे केले, तर दाट ठिपक्यांच्या चित्रात उठाव दिसेनासा होतो. उजळपणातला फरक मेंदू खपवून घेतो, क्रम उलटलेला मात्र खपवून घेत नाही. सेन्ससचंही असंच आहे.

आणि सेन्सस हरतं तेही इथेच. उजेड नुसता कमीजास्त झाला तर क्रम टिकतो. उजेडाची दिशा बदलली तर टिकत नाही. खडबडीत दगडाच्या ज्या बाजू सकाळी उजळ असतात त्याच संध्याकाळी काळवंडतात, खड्ड्यांच्या सावल्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जातात. दगड तोच, जागा तीच, पण क्रम पूर्ण उलटा. एवढ्यासाठीच शक्य असेल तिथे दिशा बदलूच द्यायची नाही, असा मार्ग निवडतात. २००८ मध्ये सोडलेल्या चांद्रयान-१ वरच्या भूरूप नकाशे घेणाऱ्या कॅमेऱ्यात पुढे, खाली आणि मागे पाहणाऱ्या तीन सेन्सररांगा होत्या. जमिनीची एकच पट्टी एकाच फेरीत, थोड्याच वेळाच्या अंतराने तिन्ही कोनांतून टिपली जाई. एवढ्या वेळात सूर्य जागचा फारसा हलत नाही, त्यामुळे तिन्ही चित्रांत सावल्या जवळपास तशाच राहतात.

उजेड स्वतःच काही सांगतो

आता बाजू बदलू. उजेडाची दिशा बदलल्याने ठिपक्याचा आकडा बदलतो, कारण पृष्ठभाग एका विशिष्ट बाजूला कललेला असतो. म्हणजे आकडा कसा बदलला त्यावरून पृष्ठभाग कसा कललेला आहे हे कळायला हवं.

याचा पाया जुना आहे. योहान हाइन्रिख लाम्बर्ट यांनी १७६० मध्ये सांगितलेला नियम असा: पृष्ठभागावर उजेड सरळ पडला तर तो पूर्ण उजळतो आणि जसजसा तिरका पडेल तसतसा त्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे मंदावतो. ६० अंश तिरका असेल तर बरोबर निम्मा. खडू, चकाकी नसलेला कागद, भिंतीचा न चमकणारा रंग असे पृष्ठभाग हा नियम बऱ्यापैकी पाळतात आणि कुठूनही पाहिले तरी सारखेच उजळ दिसतात.

बर्टोल्ड हॉर्न यांनी १९७० मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात विचारलं की एकाच फोटोतल्या छटांवरून आकार काढता येईल का. येतो, पण अटी बऱ्याच आहेत. प्रत्येक ठिपक्याला एकच आकडा मिळतो आणि कल सांगायला दोन आकडे लागतात: डावी-उजवीकडे किती आणि वर-खाली किती. एक समीकरण, दोन अज्ञात. वर पृष्ठभागाचा मूळ रंगही ठाऊक नसेल तर तीन अज्ञात. मग पृष्ठभाग सगळीकडे एकाच रंगाचा आहे, गुळगुळीत आहे, अशा गृहीतांची भर घालावी लागते.

एका फोटोवर विसंबण्यातला धोका चंद्राच्या फोटोत उघड दिसतो. फोटो उलटा धरला की कित्येकांना खड्ड्यांच्या जागी टेकड्या दिसू लागतात. उजेड वरून येतो असं आपला मेंदू गृहीत धरतो. खालून उजेड पडलेला खड्डा आणि वरून उजेड पडलेली टेकडी यांच्या छटा सारख्याच असतात. दोन्ही उत्तरं गणिताला मान्य आहेत. निवड गृहीतकाने होते, चित्राने नाही.

रॉबर्ट वुडहॅम यांनी १९८० मध्ये नीट मांडलेला उपाय मला आजही थक्क करतो. कॅमेरा हलवायचाच नाही. वस्तूही नाही. फक्त दिवा हलवायचा. तीन वेगळ्या दिशांनी उजेड टाकून तीन फोटो घ्यायचे. कॅमेरा जागचा हललेला नसल्यामुळे तिन्ही फोटोंत एका जागचा पिक्सेल वस्तूवरचा तोच बिंदू दाखवतो. म्हणजे दोन कॅमेऱ्यांच्या रीतीचा जो जीवघेणा भाग होता, हा ठिपका तिकडे कुठे गेला हे शोधण्याचा, तो संपलाच. अज्ञात तीन होते, समीकरणं आता तीन झाली.

रंग आणि कल वेगळे कसे होतात ते छोट्या उदाहरणात पाहू. सोपं करण्यासाठी फक्त डावी-उजवी दिशा धरू. एक दिवा डावीकडून ४५ अंशांवर, दुसरा उजवीकडून ४५ अंशांवर. पृष्ठभागाचा एक तुकडा डावीकडे २० अंश कललेला आहे. डाव्या दिव्याचा उजेड त्याच्यावर २५ अंशांनी तिरका पडतो, उजव्याचा ६५ अंशांनी. तुकडा फिकट रंगाचा असेल तर आकडे येतील, समजा, १८१ आणि ८५. तोच तुकडा गडद असेल तर येतील ५४ आणि २५. आकडे पूर्ण वेगळे, पण पहिल्याला दुसऱ्याने भागा: दोन्हीकडे उत्तर २.१ च्या आसपासच. रंग भागाकारात कटून गेला आणि हातात उरला तो निव्वळ कल. कल कळला की उलट हिशेबाने रंगही कळतो. सुरुवातीला ११८ मध्ये अडकलेल्या ज्या गोष्टी सुट्या होत नव्हत्या, त्या तीन आकडे मिळताच सुट्या झाल्या.

या रीतीला फोटोमेट्रिक स्टिरिओ म्हणतात. तिच्याही अटी आहेत. एखादा भाग एका दिव्याच्या सावलीत गेला तर त्याचं एक समीकरण गेलं. चकाकी आली तर लाम्बर्टचा नियम मोडला. म्हणून व्यवहारात चार, आठ किंवा त्याहून जास्त दिवे लावतात आणि प्रत्येक ठिपक्यासाठी फारच काळे किंवा फारच लखलखीत आलेले आकडे बाजूला काढतात.

एमआयटीतल्या मायका किमो जॉनसन आणि एडवर्ड अ‍ॅडेल्सन यांनी २००९ मध्ये या अटींना वेगळीच बगल दिली. वस्तूवर त्यांनी एक पारदर्शक, लवचिक गादी दाबली. तिच्या एका अंगाला सगळीकडे एकसारखा रंग दिलेला. वस्तूचा आकार त्या रंगीत कातडीवर उमटतो आणि कॅमेरा मागून तिचाच फोटो घेतो. आता वस्तू काळी असो, पारदर्शक असो की आरशासारखी, कॅमेऱ्यापुढे नेहमी एकाच ओळखीच्या रंगाचा पृष्ठभाग येतो. दिवे लाल, हिरवा आणि निळा ठेवले की तिन्ही फोटो एकाच रंगीत फोटोत मावतात. या मार्गाने पुढे काही मायक्रॉनपर्यंतचे बारीक तपशील टिपता आले आणि आज यंत्रमानवांच्या बोटांना स्पर्श देण्यासाठी हीच युक्ती वापरतात.

कल म्हणजे उंची नव्हे

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी लागते, कारण इथे बरेच जण गफलत करतात. फोटोमेट्रिक स्टिरिओ अंतर देत नाही, कल देतो. अंतर हवं असेल तर एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत कल जोडत जावं लागतं: इथे थोडा चढ, पुढे थोडा चढ, पुढे उतार. प्रत्येक पायरीला चिमूटभर चूक झाली तर हजार पायऱ्यांनंतर तिचा ढीग होतो. सपाट फरशी मंद वाकलेली येते. शिवाय एक वस्तू संपून मागची दुसरी सुरू होते, तिथे मध्ये किती पोकळी आहे हे कलावरून कळायला मार्गच नाही.

दोन कॅमेऱ्यांच्या रीतीचं नेमकं उलट असतं. तिला एकंदर आकार आणि अंतर चांगलं कळतं, पण बारीक सुरकुत्या, ओरखडे, नक्षी यांत ती गोंगाट करते. कोऱ्या गुळगुळीत पृष्ठभागावर जुळवायला ठिपकेच नसल्यामुळे ती आंधळी होते, आणि फोटोमेट्रिक स्टिरिओ तिथेच सर्वांत छान चालतो. म्हणून उत्तम दर्जाच्या मोजमापात दोन्ही एकत्र करतात: ढोबळ आकार एकीकडून, बारकावे दुसरीकडून.

दिवे कुठे आहेत हेच माहीत नसेल तर? पीटर बेल्ह्युमर, डेव्हिड क्रीगमन आणि अ‍ॅलन यूल यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलं की मग एक संदिग्धता उरतेच. पृष्ठभाग विशिष्ट प्रकारे चपटा केला, त्यानुसार दिव्यांच्या दिशा आणि रंगही बदलले, तर समोरून पाहणाऱ्याला एकही फरक कळत नाही, सावल्यांच्या कडांतसुद्धा नाही. दगडात जेमतेम बोटभर खोल कोरलेलं उठावशिल्प समोरून भरीव का वाटतं, याचं हे गणिती कारण. शिल्पकारांनी ते हातांनी कधीच ओळखलं होतं.

उघड्यावर सूर्यच दिवा म्हणून वापरावा, कॅमेरा एका जागी लावून दिवसभर फोटो घ्यावेत, असं कुणालाही सुचेल. त्यात एक खोच आहे. एका दिवसात सूर्य आकाशात एकाच कमानीवरून जातो. विषुवदिनाच्या आसपास तर त्याच्या साऱ्या दिशा जवळजवळ एकाच प्रतलात असतात. मग शंभर फोटो घेतले तरी त्या प्रतलाला काटकोनात पृष्ठभाग किती कललेला आहे, हे कळायला पुरेशी माहितीच मिळत नाही. फोटो शंभर, पण खऱ्या अर्थाने वेगळ्या दिशा दोनच. उपाय म्हणजे थांबणं: काही महिने उलटू द्यायचे, सूर्याची कमान वर किंवा खाली सरकते आणि तिसरी दिशा मिळते. स्थिर वेबकॅमच्या महिनोन्महिन्यांच्या फोटोंतून असे आकार काढून दाखवणारं संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

बेन्नूवरचं उतरणं

दोन्ही रीती एकत्र आल्या की काय होतं, याचं माझ्या मते सर्वांत भारी उदाहरण बेन्नू या लघुग्रहाचं आहे. सुमारे ५०० मीटर रुंदीचा हा दगडांचा ढिगारा. स्वतःभोवती ४.३ तासांत फिरतो आणि पडलेल्या उजेडातला जेमतेम चार टक्क्यांहून थोडा जास्त परत फेकतो. नासाचं ओसायरिस-रेक्स यान तिथे डिसेंबर २०१८ मध्ये पोहोचलं तेव्हा बारीक खडीची मोकळी मैदानं दिसतील अशी अपेक्षा होती. दिसले ते सगळीकडे दगडधोंडे. मूळ योजनेत ५० मीटर रुंदीची मोकळी जागा धरली होती. निवडलेली नाइटिंगेल ही जागा होती सुमारे १६ मीटरची. लेझरने उंची मोजत उतरण्याची जुनी योजना एवढ्या अरुंद जागेला पुरेशी नव्हती. उतरण्याच्या वेळी यान पृथ्वीपासून ३२ कोटी किलोमीटरहून जास्त लांब होतं आणि संदेश पोहोचायला अठरा मिनिटांहून जास्त लागत होती. म्हणजे यानाला स्वतःच्या कॅमेऱ्यावर भिस्त ठेवून उतरायचं होतं.

पण कॅमेऱ्यातला फोटो कशाशी ताडून पाहायचा? आधीचे फोटो वेगळ्या वेळी, सूर्य वेगळ्या बाजूला असताना घेतलेले. दगडांच्या सावल्या तासागणिक बदलणाऱ्या. फोटोला फोटो जुळणं कठीण होतं.

रॉबर्ट गॅस्केल यांनी विकसित केलेली आणि त्याआधी इरोस व इतोकावा या लघुग्रहांवर वापरलेली पद्धत इथे कामी आली. तिचं नाव स्टिरिओफोटोक्लिनोमेट्री. पृष्ठभागाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याचे अनेक फोटो जमवायचे, वेगवेगळ्या कोनांतून आणि वेगवेगळ्या उन्हातले. कोन बदलल्यामुळे तुकड्याची अवकाशातली जागा कळते, ऊन बदलल्यामुळे त्यातला प्रत्येक चढउतार आणि त्याचा मूळ रंग. उन्हाचा बदल इथे सहन करायची अडचण उरत नाही. तो मुद्दाम गोळा केला जातो. बेन्नूसारख्या पृष्ठभागासाठी लाम्बर्टचा नियम तसाच्या तसा चालत नाही, हेही ध्यानात घ्यावं लागतं. आपल्या चंद्रावरही हेच दिसतं: पौर्णिमेचं बिंब कडेपर्यंत जवळपास सारखंच उजळ असतं, लाम्बर्टच्या नियमाने ते कडेला काळवंडायला हवं होतं. खडकाळ, धुळीच्या पृष्ठभागांसाठी परावर्तनाची वेगळी सूत्रं वापरतात.

असा आकार एकदा हाती आला की मग खरी किल्ली फिरते. यानावरचा संगणक आत्ताचा फोटो जुन्या फोटोशी ताडून पाहत नव्हता. सूर्य आत्ता कुठे आहे हे त्याला माहीत होतं, पृष्ठभागाचा आकार माहीत होता, त्यावरून आत्ता इथून काय दिसायला हवं याचं चित्र त्याच्याकडे तयार होत होतं, सावल्यांसकट. प्रत्यक्ष फोटोतल्या खुणा या अपेक्षित चित्राशी जुळवून तो आपली जागा सुधारत होता. टेकायची जागा धोकादायक निघाली तर जमिनीपासून पाच मीटरवरूनच आपण होऊन माघारी फिरण्याचीही सोय होती. तशी वेळ आली नाही. २० ऑक्टोबर २०२० रोजी यानाचा हात ठरलेल्या जागेपासून मीटरभराच्या आत टेकला. सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आलेला नमुना १२१.६ ग्रॅम भरला.

चित्र बनवून पाहणं

आधी आकार गृहीत धरायचा, त्यावर उजेड पाडून चित्र बनवायचं, ते खऱ्या फोटोशी ताडायचं आणि फरक कमी होईपर्यंत आकार सुधारत जायचं. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच कामाचा गाभा हाच आहे. २००९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या रोमच्या सुमारे दीड लाख फोटोंतून इमारतींचे त्रिमितीय सांगाडे एका दिवसाच्या आत उभे केले. तेव्हा मार्ग होता उजेडाला न बधणाऱ्या खुणा शोधून जुळवण्याचा. २०२० मध्ये नर्फ नावाची पद्धत आली. ती दृश्यच एका न्यूरल जाळ्यात, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनेत, साठवते आणि त्यातून नवीन कोनांची चित्रं बनवते. तिच्या पहिल्या रूपात प्रत्येक फोटोत उजेड सारखाच हवा होता. सहलीला गेलेल्यांच्या फोटोंत दुपार, संध्याकाळ, ढगाळ हवा, रात्रीचे दिवे सगळं असतं आणि मग ती पद्धत गोंधळायची: उजेडातला फरक कसा तरी समजावून सांगण्यासाठी हवेत नसलेले धुरकट पडदे उभे करायची. लवकरच आलेल्या सुधारित रूपात प्रत्येक फोटोला उजेडाची स्वतःची वेगळी नोंद दिली गेली आणि आकार मात्र सगळ्यांचा मिळून एकच ठेवला गेला. बदलणारं एका खात्यात, न बदलणारं दुसऱ्या खात्यात.

स्वतःचा उजेड टाकणारी साधनं हा तिसरा मार्ग. २०१० मधलं किनेक्ट हे व्हिडिओ गेमसाठीचं कॅमेरा-उपकरण अदृश्य अवरक्त ठिपक्यांची नक्षी समोर टाकून ती कशी मोडते ते पाहायचं. घरात उत्तम, पण भर उन्हात सूर्याच्या अवरक्त उजेडापुढे ते ठिपके बुडून जातात.

एकाच फोटोवरून अंतर सांगणारी न्यूरल जाळी आता सहज मिळतात. ती पाहण्यासारखी आहेतच. पण त्यांचं ज्ञान शिकवलेल्या असंख्य फोटोंतून आलेलं असतं, समोरच्या दृश्याच्या मोजमापातून नाही. त्यातली अनेक जाळी फक्त पुढे काय आणि मागे काय हेच सांगतात, किती मीटर ते नाही. त्यांच्यावर किती विसंबावं हे ताडून पाहायला महागडं उपकरण लागत नाही. कॅमेरा पक्का बसवा, दृश्य हलू देऊ नका, एक्स्पोजर हाताने ठरवून बांधून टाका आणि फक्त दिव्याची दिशा बदलत काही फोटो घ्या. प्रत्येक फोटोचा अंतराचा नकाशा काढा आणि दोन-दोन नकाशे एकमेकांतून वजा करा. वस्तू हललेल्या नाहीत, त्यामुळे उत्तर सगळीकडे शून्याच्या जवळ यायला हवं. जिथे सावलीच्या कडेची रेघ त्या वजाबाकीत उमटलेली दिसेल, तिथे जाळ्याने सावलीला आकार समजलेलं आहे, आणि त्या भागातला अंतराचा आकडा कशासाठीही वापरण्याआधी दुसरा कॅमेरा लावून तो मोजून घ्यावा.